वंशावळीवर चारचौघांत आक्षेप आला, तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माहिती, एक जुनी वही आणि गावचे काही उतारे यांच्या आधारे आपण आठ पिढ्यांची वंशावळ तयार केली आणि ती सर्वांना पाहता येईल अशी मांडली. त्यावर या विषयात अनेक वर्षे काम केलेल्या एका अभ्यासकांनी सर्वांसमोर लिहिले की चौथ्या पिढीच्या मागचे सारे कल्पित आहे आणि मोडी वाचता येत नसेल तर या कामात पडूच नये. जाणती माणसे नवख्यांशी असे का वागतात, त्यांनी कसे वागायला हवे आणि अशा जाहीर टीकेला उत्तर कसे द्यावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. त्या अभ्यासकांच्या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग वंशावळीविषयी आहे; तो खरा असू शकतो आणि तो तपासणे आपल्याला भाग आहे. दुसरा भाग आपल्याविषयी आहे, आणि तो लिहिण्याचा त्यांना काहीही अधिकार नव्हता. दुसऱ्या भागाचा राग आल्यामुळे पहिला भाग बाजूला टाकला जातो, आणि पहिला भाग बरोबर निघाला म्हणून पुष्कळ लोक दुसराही क्षम्य मानतात. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच हानिकारक वाटतात.

जाणत्यांचा तोल का सुटतो, हे समजून घेतले तर त्यांच्या बोलण्यातला उपयोगाचा भाग वेगळा काढता येतो. नवख्यांच्या वंशावळींत ठरावीक चुका पुन्हा पुन्हा दिसतात. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्यामुळे विष्णू धोंडो, त्याचा मुलगा धोंडो विष्णू आणि त्याचा मुलगा पुन्हा विष्णू धोंडो अशी साखळी कित्येक घराण्यांत चालत आलेली असते. एका कागदात विष्णू धोंडो सापडतो, साठ वर्षांनंतरच्या दुसऱ्या कागदात विष्णू धोंडो सापडतो आणि नवखा अभ्यासक दोघांना एकच माणूस समजून मधल्या दोन पिढ्या गाळून टाकतो. किंवा याच्या उलट, एकाच माणसाचे दोन करून एक पिढी वाढवतो. आडनावाचेही तसेच. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झालेले आडनाव त्या गावातून बाहेर पडलेल्या, एकमेकांशी रक्ताचे काहीही नाते नसलेल्या अनेक घराण्यांचे असू शकते, आणि ती घराणी वेगवेगळ्या जातींचीही असतात. जुन्या कागदात तर बहुधा आडनाव नसतेच. ‘संताजी बिन तुकोजी’, ‘रामा वल्द धोंडी’, ‘सखूबाई कोम रामजी’ एवढेच असते (बिन आणि वल्द म्हणजे ‘चा मुलगा’, कोम म्हणजे ‘ची बायको’), किंवा पाटील, कुलकर्णी, जोशी असा हुद्दा असतो. त्या हुद्द्याचे पुढे आडनाव झाले असले, तरी एका गावच्या कुलकर्ण्यांचा शेजारच्या गावच्या कुलकर्ण्यांशी संबंध असेलच असे नाही.

सर्वांत मोठा घोटाळा कालगणनेचा होतो. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन, म्हणजे त्या काळी दफ्तरात चालणारी एक कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘खमस खमसैन मया व अलफ’ म्हणजे पाच, पन्नास, शंभर आणि हजार, अर्थात 1155. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून त्यात जून ते डिसेंबरसाठी 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवले की इसवी सन 1754–55 येतो. नवखा माणूस या आकड्याला हिजरी समजतो आणि सुमारे बारा वर्षे मागे जातो. मग मुलाचा जन्म बापाच्या मुंजीच्या वयात पडतो, आणि ती अडचण सोडवण्यासाठी मध्येच एक भाऊ किंवा एक दत्तक कल्पनेने घालण्यात येतो. शकाचेही भान ठेवावे लागते. इसवी सन काढण्यासाठी एरवी 78 मिळवायचे, पण 1 जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीसाठी 79.

ज्याने अशा शंभर वंशावळी पाहिल्या आहेत, त्याला एकशे एकावी पाहताच कंटाळा येतो. हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. परंतु समोरच्या माणसाची ती पहिलीच वंशावळ असते, आणि आपला थकवा त्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. ‘सारे कल्पित आहे’ हे वाक्य लिहायला सोपे आणि तपासायला अशक्य आहे. अभ्यासक म्हणून लिहायचे असेल तर नेमका दुवा दाखवला पाहिजे. उदाहरणार्थ: ‘चौथ्या पिढीतले महादजी हे पाचव्या पिढीतल्या गोविंदरावांचे चिरंजीव होते, असे आपण दाखवले आहे. हे नाते कोणत्या कागदावरून घेतले? गावच्या उताऱ्यात महादजींच्या बापाचे नाव आहे का, की हे नाव केवळ वहीत आहे? वही कोणी आणि केव्हा लिहिली?’ या चार ओळींत कोणाचाही अपमान नाही, आणि त्यांचे उत्तर शोधताना नवख्याला आपोआप कळते की समकालीन कागद कोणता, मागाहून स्मरणावर विसंबून लिहिलेला कोणता आणि कोणते नाते निव्वळ ऐकीव आहे. नवख्याला आणखी काही शिकवण्याआधी मी एवढेच शिकवतो. मोडीचे वाचन सहा महिन्यांत जमू लागते आणि त्याचे वर्ग ठिकठिकाणी चालतात. परंतु प्रत्येक दुव्याला ‘हे मला कशावरून कळले’ असे विचारण्याची सवय लागली नाही, तर मोडी येऊनही उपयोग होत नाही. उलट, मोडी येते म्हणून मनात असलेले नाव कागदात दिसू लागण्याचा धोका वाढतो. कारण त्या लिपीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडलेले नसतात आणि घाईने लिहिणाऱ्याच्या हातची दोन भिन्न नावे सारखी दिसू शकतात.

आजचे नवखे कोण आहेत, याचाही जाणत्यांनी विचार करायला हवा. पूर्वी या विषयाकडे बहुधा सेवानिवृत्त, सुस्थितीतली आणि कुलवृत्तांताची, म्हणजे घराण्याचा इतिहास छापून ठेवण्याची, परंपरा असलेल्या घराण्यांतली माणसे येत. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून हजारो शेतकरी कुटुंबांतली मुले-मुली गाव नमुना 14, पाहणी पत्रक, खासरा पत्रक, कोतवाल बुक आणि शाळेचे जनरल रजिस्टर अशा जुन्या नोंदवह्यांच्या नकला हातात घेऊन वंशावळ म्हणजे काय ते विचारू लागली आहेत. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो, आणि त्या पुराव्यातला माणूस आपला पूर्वज आहे हे वंशावळीनेच सिद्ध करावे लागते. या मुलांसाठी हा छंद नाही. त्यांच्यापुढे प्रवेशाची किंवा नोकरीची तारीख उभी आहे. अशा मुलाला ‘आधी पाच वर्षे अभ्यास करा’ असे सांगणारा अभ्यासक त्याला दलालाच्या दारात ढकलतो, असे मी अगदी जाणीवपूर्वक म्हणतो. त्याला नकलेतली अक्षरे लावून द्यावीत, तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात नेमके काय मागायचे ते सांगावे, आणि त्याच वेळी नोंद आपल्या घराण्याची नसेल तर तसेही स्पष्ट सांगावे. मूळ नोंदीत एक अक्षर वाढवा म्हणून कोणी सुचवले, तर तेथे मात्र सौजन्याने पण ठामपणे थांबायचे असते. गावच्या दफ्तरातली खाडाखोड पुढच्या सगळ्या पिढ्यांचा पुरावा नासवते.

नवख्याचा मान राखण्याचे दुसरे कारण असे की मूळ कागद बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतो. देवघरातल्या लाकडी पेटीतली चोपडी, आजीला तोंडपाठ असलेली माहेरची नावे, भाऊबंदकीत जपून ठेवलेले एखादे निवाडपत्र, हे कोणत्याही अभिलेखागारात मिळत नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण सगळ्या महाराष्ट्राला माहीत असायला हवे. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1549 च्या वैशाखात, म्हणजे 1627 मध्ये झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे शकवार लिहिलेली घटनांची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, अशी नोंद होती. त्यावर अनेक दशके जाहीर वाद झाला, आणि तो मवाळ भाषेत झाला असेही नाही. परंतु त्या वादात कोण किती शिकलेला आहे याने निर्णय झाला नाही. कवी परमानंदाच्या शिवभारत या काव्यातली तिथी आणि जोधपूरकडे मिळालेली जन्मपत्रिका हे एकमेकांपासून स्वतंत्र असलेले पुरावे शकावलीशी जुळले, म्हणून अभ्यासकांचा कौल तिकडे गेला आणि आज शासकीय जयंती 19 फेब्रुवारीला होते. एका घराने जपलेल्या वहीचे हे मोल आहे. ती वही दाखवायला आलेल्या माणसाला आपण पहिल्याच दिवशी झिडकारले, तर तो पेटी बंद करतो आणि ती पुन्हा उघडेलच याची खात्री देता येत नाही.

आता टीकेला उत्तर देण्याविषयी. वंशावळीवर चारचौघांत आक्षेप घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मराठेशाहीतले वतनाचे, म्हणजे वंशपरंपरागत हक्कांचे, तंटे म्हणजे जाहीरपणे तपासलेल्या वंशावळीच होत्या. थोरल्या शाखेचा कोण, दत्तक कायदेशीर की नाही, पाटीलकीत वाटा कोणाचा, असे प्रश्न गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या आणि भाऊबंदांच्या न्यायसभेपुढे, येत. दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे सभा ठरवील ते मान्य करू असे कबूल करत. मग प्रत्येक जण आपली तकरीर (लेखी म्हणणे) देई, घराण्याचा करीना (हकीकत) मांडे, साक्षी होत, प्रसंगी दिव्यही (खरेपणाची शारीरिक कसोटी) करावे लागे, आणि निर्णय झाला की सर्वांच्या निशाण्यांसह महजर, म्हणजे निर्णयाचा कागद, होई. हरलेला पक्ष येजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून देई. त्या काळाचे उदात्तीकरण करण्याचा माझा हेतू नाही. त्या वंशावळी हक्क सांगण्यासाठी रचलेल्या असत आणि बनावट कागदही पुष्कळ पुढे येत, म्हणून आज त्या वाचताना सावध राहावेच लागते. तरीही त्या क्रमात एक शहाणपण आहे. पुरावा विरुद्ध गेला तर आपण मान्य करू, हे पहिल्यांदा ठरते आणि वाद त्यानंतर सुरू होतो. आपण तेवढी तयारी मनाशी केली असेल, तर टीका कितीही कडक शब्दांत आली तरी उत्तर देणे सोपे जाते.

व्यवहारात मी असे करतो. आक्षेप आला त्याच दिवशी लांबलचक उत्तर लिहीत नाही. आक्षेप वाचला आहे, कागद पुन्हा पाहून अमुक दिवसापर्यंत कळवतो, एवढे दोन ओळींत लिहितो आणि दिलेला दिवस पाळतो. मग आक्षेपातली व्यक्तीविषयीची सर्व विशेषणे बाजूला काढून उरलेले विधान प्रश्नाच्या रूपात वहीत उतरवतो. काही वेळा असे करताना काहीच उरत नाही, आणि मग उत्तर देण्याचीही गरज राहत नाही. काही उरले तर त्या दुव्याचा कागद, त्याचे देवनागरी लिप्यंतर ओळीला ओळ लावून, आणि शंकास्पद शब्दाची दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध करतो. विरोधकाच्या हाती आपल्याविरुद्ध वापरता येईल असा पुरावा आपणच द्यायचा, हे नवख्यांना विचित्र वाटते. पण या शास्त्राची मांडणीच तशी आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांची लेखणी किती प्रखर होती आणि त्यांची कित्येक अनुमाने पुढे टिकली नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी 1898 पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे जे 22 खंड काढले, त्यांच्यावाचून आजही कोणाचे पाऊल पुढे पडत नाही, कारण त्यांनी मूळ कागदच छापून सर्वांच्या हाती दिले. अमेरिकेतल्या व्यावसायिक वंशावळ-अभ्यासकांनी पुराव्याची जी कसोटी ठरवली आहे, तिच्यातही शक्य तेवढा सर्व शोध घेणे आणि प्रत्येक विधानाचा आधार देणे यांच्या जोडीला परस्परविरोधी पुराव्याचा उलगडा करणे ही स्वतंत्र अट आहे. विरोधी पुरावा दाखवणारा माणूस आपल्या कामाचा एक आवश्यक भाग विनामूल्य करून देत असतो, मग त्याची भाषा कशीही असो.

आक्षेप खरा ठरला तर दुरुस्ती गुपचूप करू नये. जुन्या छापील कुलवृत्तांतांना शुद्धिपत्र आणि पुरवणी जोडलेली असते, ती पद्धत फार चांगली आहे. पूर्वी काय लिहिले होते, कोणत्या कागदामुळे बदलले, कोणी लक्षात आणून दिले आणि कोणत्या तारखेला, हे चारही तपशील तेथेच लिहावेत. आपली जुनी वंशावळ तोवर दहा भाऊबंदांनी उतरवून घेतलेली असते. दुरुस्तीची नोंद नसेल तर जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या फिरत राहतात आणि वीस वर्षांनी कोणीतरी त्या दोन शाखा समजून एकत्र जोडतो. ज्यांनी उद्धटपणे चूक दाखवली त्यांचेही नाव श्रेयात घालावे. मनाला जड जाते, पण चूक त्यांनीच दाखवली ही गोष्ट खरी असते.

हाच नियम जाणत्यांना अधिक कडकपणे लागू आहे. नवख्याने आपल्या वाचनातली चूक दाखवली की पुष्कळ अनुभवी माणसे ‘खाजगीत बोलू’ असे म्हणतात. चूक जाहीर ठिकाणी केली असेल तर कबुलीही तेथेच द्यावी लागते. एका ज्येष्ठ अभ्यासकाने विद्यार्थिनीने सुचवलेले वाचन सर्वांसमोर मान्य केले, तर ते पाहणाऱ्या पन्नास नवख्यांना ही पद्धत कशी चालते ते कळते. कोणत्याही व्याख्यानाने तेवढे होत नाही.

काही टीका मात्र पुराव्याविषयीची नसते, आणि तिला कागदाने उत्तर देता येत नाही. पणजोबांचे दुसरे लग्न, दत्तक आलेला मुलगा, घर सोडून गेलेली विधवा सून, कर्जापायी गेलेली जमीन, यांचा उल्लेख पाहून एखादी आत्या किंवा चुलते दुखावतात आणि ‘घराची अब्रू वेशीवर टांगली’ असे सर्वांसमोर लिहितात. येथे आपण बरोबर आहोत की नाही हा प्रश्न गौण आहे. जी माणसे हयात आहेत त्यांची जन्मतारीख, पत्ता, विवाहाचे तपशील त्यांच्या संमतीवाचून उघड करू नयेत, आणि कोणी हरकत घेतली तर वाद न घालता त्याच क्षणी काढावेत. ज्यांना जाऊन तीन-चार पिढ्या झाल्या त्यांच्याविषयीचे खरे वृत्त काढून टाकण्याची गरज मला वाटत नाही. पण दुखावलेल्या माणसाला फोन करावा, शक्य तर घरी जावे आणि काय माहीत आहे ते त्यांच्याकडून ऐकावे. अशा भेटींतून अनेकदा असे तपशील मिळतात जे कोणत्याच दफ्तरात नसतात. दत्तकाचा उल्लेख मात्र दडपू नये, कारण तो दडपला की पुढच्या अभ्यासकाला दोन घराण्यांचे कागद एकमेकांत का मिसळले आहेत हे कधीच उलगडत नाही. मुलींची आणि सुनांची नावे वगळल्याबद्दल कोणी टीका केली, तर ती टीका सरळ मान्य करावी. जुन्या कागदांत त्यांची नावे कमी सापडतात हे खरे, पण सापडलेली नावेही गाळण्याची सवय आपली आहे.

आपल्या वंशावळीपुरते सांगायचे तर चौथ्या आणि पाचव्या पिढीमधली रेघ तूर्त तुटक करावी आणि तिच्याशेजारी ‘आधार: घरातील वही, समकालीन कागद अद्याप नाही’ असे लिहावे, तिच्या मागच्या पिढ्या पुसू नयेत. त्या अभ्यासकांना एवढेच विचारावे की चौथ्या पिढीच्या मागचे कोणते नाते त्यांना अमान्य आहे आणि कोणत्या कारणाने. त्यांनी उत्तर दिले तर उत्तमच; नाही दिले तरी विचारणा सर्वांसमोर नोंदलेली राहते. घरातली वही कोणी लिहिली, तिचा कागद, शाई आणि वळण एकाच काळचे दिसते का, हे मोडीच्या जाणकाराला दाखवावे. कुळातली माणसे त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी किंवा गया येथे गेली असतील, तर तेथल्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि मूळ गाव सांगून त्यांच्या चोपडीतले लेख पाहावेत. यात्रेला गेलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली बापाची, आजोबांची, भावांची आणि मुलांची नावे तेथे तिथीसह मिळतात, अनेकदा त्याच्या स्वतःच्या सहीने, आणि आपल्या अडलेल्या दुव्यासाठी नेमका असाच लेख हवा आहे. छायाचित्र घेण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी, दक्षिणा द्यावी आणि आपल्या सध्याच्या पिढीची नावेही त्यांच्या वहीत लिहून यावीत, त्यात बहिणींची आणि मुलींचीही.